खूप शून्यं असलेला डेटा: निगेटिव्ह बायनॉमियल की झीरो-इन्फ्लेटेड?

फील्डची शीट उघडली की आधी शून्यांची रांग, मग काही एक-दोन आणि मध्येच एखादा तीस. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या ग्लिमटीएमबी पॅकेजसोबत मिळणारा सॅलमँडर या सरड्यासारख्या उभयचराच्या मोजणीचा डेटा असाच आहे: 23 ठिकाणं, प्रत्येकी 4 फेऱ्या, 7 गट, म्हणजे 644 नोंदी. निम्म्याहून जास्त शून्यं.

मोजणीसाठीचं सर्वांत साधं मॉडेल, पॉयसन, इथे बहुधा टिकत नाही, कारण त्यात व्हेरियन्स (आकड्यांच्या पसरणीचं माप) सरासरीइतकाच असावा लागतो. प्राणी घोळक्याने सापडतात तिथे तो कितीतरी मोठा निघतो.

खरी निवड पुढे आहे, आणि घाई होते ती इथेच. सरासरी 2 असेल तर पॉयसन सुमारे 14 टक्के शून्यं देतो. त्याच सरासरीला निगेटिव्ह बायनॉमियल, म्हणजे जास्त पसरण सामावणारं मॉडेल, के (ही पसरण ठरवणारा आकडा) 0.3 धरून, सुमारे 54 टक्के देतं! शून्यांसाठी वेगळा भाग न जोडता. के जितका लहान, तितकी शून्यंही जास्त आणि उजवीकडची, मोठ्या आकड्यांची शेपूटही लांब. म्हणून माझा कौल आधी निगेटिव्ह बायनॉमियललाच. सॅलमँडरच्या डेटात खाणीची झळ लागलेल्या झऱ्यांत शून्यं जास्त आहेत. असं कारण हाताशी असेल तर ते मॉडेलमध्ये घेतल्याशिवाय ‘शून्यं फार झाली’ म्हणू नका.

झीरो-इन्फ्लेटेड, म्हणजे जादा शून्यांसाठी वेगळा भाग जोडलेलं मॉडेल, घ्या, पण दोन प्रकारची शून्यं का असतील हे सांगता येत असेल तरच: काही जागी प्राणी राहूच शकत नाही, काही जागी तो असतो पण त्या दिवशी मोजणीत येत नाही. मात्र प्राणी नव्हता की नजरेतून सुटला, हे एकाच फेरीच्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं.

‘आहे की नाही’ आणि ‘असेल तर किती’ असे तुमचे प्रश्नच दोन असतील, तर हे दोन भाग वेगळे ठेवणारं हर्डल मॉडेल जास्त सरळ. त्यात सगळी शून्यं एकाच भागात जातात, त्यामुळे निकाल समजावून सांगणंही सोपं.

मोजणी नसून वजन असेल, उदाहरणार्थ जाळ्यातल्या माशांचं किलोतलं वजन, तर ट्वीडी हे मॉडेल पाहा. त्यात व्हेरियन्स सरासरीच्या ज्या घाताने वाढतो तो घातांक 1 आणि 2 च्या मध्ये असला की ते नेमकं शून्यही देतं आणि पुढचे दशांशही.

एक मिळवून लॉग घेण्याची जुनी सवय मोजणीच्या डेटासाठी मी तरी सोडायला सांगेन. शून्यांचा ढीग लॉग घेतल्यावरही ढीगच राहतो.

एआयसीवर, म्हणजे मॉडेलांची तुलना करणाऱ्या आकड्यावर, थांबू नका. बसवलेल्या मॉडेलमधून हजारभर नवे डेटासंच तयार करा, त्यांतली शून्यं मोजा आणि तुमच्या शीटशी ताडून पाहा. सर्वांत मोठा आकडाही ताडा. शून्यं जुळूनही शेपूट चुकलेली असू शकते.