आगोट भरून आठ महिने: काय टिकलं, काय बुरसलं

गेल्या वर्षी एप्रिल-मेमध्ये आगोटीवर, म्हणजे पावसाळ्याआधी भरायच्या घरातल्या बेगमीवर, मी बरेच पैसे घातले. इन्व्हर्टर, चार्जिंगचे बल्ब, सौरकंदील, रबरी रिंगचे ड्रम, जादा सिलिंडर. आता जानेवारी चालू आहे, म्हणजे अख्खा पावसाळा या वस्तूंनी पाहिला. दुकानात विचारलं तर सगळंच चांगलं असतं, म्हणून वापरून जे दिसलं ते लिहिते.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटर आत. आम्ही दोघं, मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडून आत घुसलं तेव्हा आम्ही मुंबईत होतो आणि सासूबाई इथे एकट्या. वाडीतल्या नारळी-पोफळी आडव्या, वीज नाही, टॉवर बंद, फोन लागेना. लॉकडाऊनचे दिवस, ई-पास काढून, रस्त्यावरची झाडं चुकवत नवरा नवव्या दिवशी पोचला, तेव्हा त्या चुलीवर कुळथाची पिठी ढवळत होत्या. "जेवून घे आधी," एवढंच म्हणाल्या. घरी वीज यायला चोवीस दिवस लागले. आम्ही कायमचे इकडे आलो, तेव्हापासून ते चोवीस दिवस माझ्या डोक्यात बसले आहेत. ही खरेदी त्यातूनच झाली.

इन्व्हर्टर आणि १५० अँपियर-अवरची ट्युब्युलर बॅटरी, मिळून बावीस हजारांच्या आसपास. एरवी दोन-चार तास वीज जाते त्याला उत्तम. खरी परीक्षा जुलैत झाली. लाइनवर आंब्याचं झाड पडलं आणि पाच दिवस वीज नव्हती. पहिल्या रात्री आम्ही नेहमीसारखे दोन पंखे लावून झोपलो. पहाटे पाचला पीं पीं सुरू झालं आणि बॅटरी संपली. नंतर कागदावर मांडलं: १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-अवर, त्यातले हाती लागतात अकराशे-बाराशे. जुना पंखा ७५ वॉटचा. दोन पंखे आठ तास म्हणजे बाराशे, खेळ खलास. पंखे बंद ठेवून नऊ वॉटचे तीन बल्ब रोज चार तास लावले असते आणि झोपताना इन्व्हर्टरचंही बटण बंद केलं असतं, तर पाचही रात्री निघाल्या असत्या. वस्तूचा दोष नाही, आमचाच. बॅटरीत दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं हे सगळे सांगतात. खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरते हे कोणी सांगत नाही. ती पुसून व्हॅसलीन लावलं, तेव्हापासून त्रास नाही.

चार्जिंगचे बल्ब चार घेतले, साडेतीनशेला एक. यांची गंमत कळायला मला महिना लागला. वीज गेली की हे आपोआप पेटायला हवेत. आमच्याकडे कधी पेटत, कधी नाही. दुकानदार म्हणाला, बदलून देतो. मग एका रात्री लक्षात आलं. ढग कडाडले की सासूबाई पहिला मेन पाडतात, आणि नेमके तेव्हाच बल्ब रुसतात. बल्बच्या आतलं सर्किट वायरिंगमधून पलीकडे जोड मिळतोय का ते बघतं. जोड मिळाला तर बटण चालू आहे पण वीज गेली, असं ते समजतं. मेन पाडला आणि बाकीची बटणंही बंद असली की जोडच सापडत नाही, बल्बला वाटतं आपल्यालाच बंद केलंय. उपाय मुलीने शोधला. बल्ब होल्डरमधून काढायचा आणि बुडाच्या दोन टिकल्यांवर ओलसर बोटं टेकवायची, की लख्ख! पहिल्यांदा तिने करून दाखवलं तेव्हा सासूबाई "अगो, करंट लागेल" म्हणून ओरडल्या. लागत नाही. खोक्यावर चार तास लिहिलंय, सुरुवातीला तीन मिळत होते, आता दोन-सव्वादोन. तरी याच खरेदीवर मी सगळ्यात खूश आहे, मात्र पहिल्या रात्रीपुरती. वीज आलीच नाही तर दुसऱ्या रात्री ते साधे काचेचे गोळे.

सौरकंदील घेऊ नका असं म्हणणार नाही, पण आषाढात त्याच्यावर विसंबू नका. दिवसभर अंगणात ठेवून रात्री जेमतेम दीड तास. ऑक्टोबरपासून झकास चालतोय, तेव्हा गरज कोणाला? काचेचा कंदीलही हौसेने घेतला होता. रॉकेल आता मिळत नाही, आणि खोबरेल घातलं तर वात ते वर ओढत नाही, फार जाड पडतं. समईला मात्र खोबरेल चालतं, जुलैतल्या त्या रात्री देवापुढची समईच स्वयंपाकघरात आणली. सेलचा छोटा रेडिओ मोबाइल मेला तेव्हा रत्नागिरी आकाशवाणीमुळे कामाला आला. सेल आत ठेवून विसरू नका. माझ्या टॉर्चचा एक सेल दमटपणाने पाझरून स्प्रिंग खाऊन गेला.

आता कोठी. इथे माझी चांगलीच जिरली.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून आमच्याकडे आगोट भरताना सुकी मासळी आधी. जवळा, बोंबील, थोडे सोडे, म्हणजे सुकवलेली सोललेली कोळंबी (भाव विचारू नका), शिवाय पन्नास किलो तांदूळ, तूरडाळ, कुळीथ, कडवे वाल, आमसुलं, खडेमीठ. निम्मा तांदूळ मेमध्ये आला, तो सासूबाईंनी सावलीत वाऱ्याला पसरला, दोन दाणे दाताखाली धरून 'कट्' आवाज ऐकला आणि जुन्या पत्र्याच्या डब्यात कडुलिंबाच्या पाल्यासकट भरला. उरलेला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. पाऊस लागलेला. मी तो तसाच नव्या रिंगवाल्या ड्रममध्ये ओतून झाकण गच्च आवळलं. हवाबंद आहे, आता काय होणार? ऑगस्टमध्ये झाकण उघडलं तर कुबट भपकारा, आणि तळाशी तांदळाचे गड्डे, हिरवट बुरशीचे. दहा-बारा किलो फेकले. ड्रमने बाहेरचा दमटपणा आत येऊ दिला नाही हे खरं, पण आतला बाहेरही जाऊ दिला नाही. पत्र्याच्या डब्यात चार टोके (किडे) झाले, पाखडून संपले. ड्रम वाईट नाहीत. त्याच बनावटीच्या दुसऱ्या ड्रममध्ये मेमध्ये भरलेली तूरडाळ अजून जशीच्या तशी आहे. माल कोरडा असेल तेव्हाच भरायचा, आणि आमच्याकडे तो मुहूर्त मेअखेरीला संपतो. वाल राख चोळून ठेवले होते, एकालाही भोक नाही.

सोड्यांची बरणी सासूबाईंच्या ताब्यात. पावसात कधी तासाभराची उघडीप पडली की त्या माजघरातून हाक मारतात, "अगो, ऊन आलंय, सोडे काढ." मी ऑनलाइन मीटिंगमध्ये असले तरी उठायचं. सुपात पसरायचे, कावळ्यावर लक्ष ठेवायचं, आत आणून निवले की मगच बरणीत. जवळा माझ्याकडे होता, त्याला दोनदा ऊन चुकलं आणि तो मऊ पडून वास मारायला लागला.

तापवायचं म्हणाल तर थंडीसाठी शेकोटी वगैरे आमच्याकडे लागत नाही. ऊब लागते ती अंघोळीच्या पाण्याला आणि न वाळणाऱ्या कपड्यांना. न्हाणीतला तांब्याचा बंब मी मोडीत काढणार होते, बरं झालं नाही काढला. करवंट्या, सोडणं (नारळाची सालं) आणि चुडतांवर (सुक्या झावळ्यांवर) तो पेटतो, आणि हे सरपण वाडीत फुकट पडलेलं असतं. ऐन-किंजळीची लाकडं मागच्या पडवीत जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून सोडून रचली. भिंतीला टेकवलेली एक रांग वाळवीने खाल्ली. जादा सिलिंडरमुळे निवांत वाटलं, १४.२ किलोचा एक आम्हाला चाळीसेक दिवस जातो. वीज नसताना इंडक्शन शेगडीचं नावच काढू नका. एक सांगायचं राहिलं: कपडे वाळवायला कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वासच नसतो आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो.

माझ्या यादीत नसलेली एक गोष्ट म्हणजे विहिरीवरचा रहाट. पंप बसवला तेव्हा आम्ही तो काढून टाकला होता, आणि आमच्या इन्व्हर्टरवर पंप चालत नाही. जुलैतले ते पाच दिवस नवऱ्याने नुसत्या दोरीने पोहरे ओढले, हातांची सालं गेली. दिवाळीनंतर लोखंडी कप्पी आणि नवा दोर आणला, एक हजाराच्या आत काम झालं. ड्रम दोन रिकामे आहेत, यंदा त्यांत तांदूळ सासूबाई भरणार आहेत.