काचेवरची पाटी सरळ होती

जाहिरातीतला जुना कॅमेरा घ्यायला गेलो आणि फसलो, एकूण ४०,५५० रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला 'थोडक्यात निभावलं असेल' असं वाटायला नको. आधी ३,००० टोकन, मग २८,५००, मग २,९५०, मग ६,१००. चारही वेळा पिन मीच टाकला. हे लिहायला दीड महिना लागला, कारण लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण फिल्मवर फोटो काढणारे आपण मोजके लोक आहोत आणि हा विकणारा नेमका आपल्यातच गळ टाकून बसलाय. म्हणून लिहितोय.

मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे. बारा वर्षं निकॉन एफएम-टूवर कृष्णधवल फोटो काढतोय, फिल्म घरीच धुतो. गेल्या पावसाळ्यापासून डोक्यात एकच विषय होता, जुन्या नाशकातले वाडे. सराफ बाजाराच्या मागचे, काझीच्या गढीकडचे. दर पावसाळ्यात एखाद्याची भिंत खचते, मग नोटीस लागते, मग भोवती पत्रे, मग पार्किंग. सहा फुटी बोळात उभं राहून दुमजली वाडा नेहमीच्या पस्तीस एमएम फिल्मच्या कॅमेऱ्यावर घ्यायचा तर कॅमेरा वर उचलावा लागतो, आणि उचलला की वाडा मागे कललेला दिसतो. लार्ज फॉरमॅटमध्ये, म्हणजे मोठ्या सुट्या फिल्मच्या कॅमेऱ्यात, कॅमेरा सपाट ठेवून नुसती लेन्स वर सरकवता येते, खांब सरळ उभे राहतात. आणि चार बाय पाच इंचाची फिल्म क्षेत्रफळानं पस्तीस एमएमच्या जवळपास पंधरापट. तुळईवरचं कोरीवकाम त्यात जसं उतरतं तसं कशातच उतरत नाही. पैसे दिवाळीच्या बोनसचे आणि भिशीचे होते. कर्ज काढलं नव्हतं.

आणि मी आंधळेपणानं उडी मारली असंही नाही. चार महिने शोधाशोध केली. इंग्लंडचा इंट्रेपिड पाहिला. प्लायवूडचा, हलका, नवाकोरा, पहिल्या कॅमेऱ्यासाठी खरोखर चांगला. पण लेन्स वेगळी, ती बसवायची पट्टी म्हणजे लेन्सबोर्ड वेगळा, फिल्म धरणारे होल्डर वेगळे, वर कस्टम्स. मोनोरेल, म्हणजे एका दांड्यावर बसवलेले कॅमेरे, सगळ्यात स्वस्त मिळतात आणि त्यांच्या हालचालीही सगळ्यात जास्त, पण ते धूड स्कूटरवरून पंचवटीत कोण नेणार? जुन्या स्टुडिओंमधले लाकडी कॅमेरे दिसायला देखणे, अलप्पुळाच्या वागीश्वरीचं नाव तर आपल्याकडच्या जुन्या फोटोग्राफरांना पाठ. पण त्यातले बरेचसे हाफ प्लेट नाहीतर फुल प्लेट या जुन्या मापांचे. चार बाय पाचचे होल्डर त्यात तसेच बसत नाहीत. स्वस्त मिळाला म्हणून उचलू नका, आधी मागची चौकट मोजा.

शेवटी क्राउन ग्राफिकवर आलो. वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांचा अमेरिकन प्रेस कॅमेरा, १९४७ ते १९७३ मधला. मिटला की डब्यासारखा होतो. लेन्स वर सरकते ती मर्यादित, पण माझ्या कामापुरती पुरेशी. शक्यतो मागे ग्राफलॉक, म्हणजे होल्डर पकडणारी चौकट, असलेलाच घ्यायचा, हेही ठरवलं होतं. म्हणजे मला माहिती होती. हेच जास्त झोंबतं.

जाहिरात अशी होती: क्राउन ग्राफिक, १३५ मिमी झेनार लेन्स, पाच होल्डर, कोल्हापूर, ३३,०००. किंमत फुकटात दिल्यासारखीही नव्हती. बाहेरून मागवून, कस्टम्स भरून मला जे पडणार होतं त्याहून थोडी कमी, बस. १५,००० लिहिले असते तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं. फोनवरचा आवाज तिशीतल्या माणसाचा, बोलणं स्वच्छ, मला पहिल्या वाक्यापासून 'दादा'. वडिलांचा स्टुडिओ होता, ते गेले, गाळा भाड्यानं द्यायचाय, सामान काढतोय. मी नाशिकचा म्हटल्यावर म्हणाला, "त्र्यंबकेश्वर म्हणजे फाळक्यांचं जन्मगाव, दादा. बाबांचा कॅमेरा तिकडे गेला तर त्यांनाही बरं वाटेल." ३१,५०० वर सौदा ठरला. घासाघीस करतानासुद्धा त्यानं दोनदा नाही म्हटलं. खरा विकणारा करतो तसंच.

आता तो फोटो. मी त्याला म्हटलं, ग्राउंड ग्लासवरचा, म्हणजे मागच्या ज्या दुधी काचेवर चित्र पडतं तिचा फोटो पाठव, काचेला तडा आहे का पाहायचंय. अर्ध्या तासानं फोटो आला. कॅमेरा ट्रायपॉडवर, मागचं झाकण उघडं, काचेवर एक दार, दारापुढे तुळशी वृंदावन आणि दारावर स्टुडिओची पाटी. पाटी वाचता येत होती. अक्षरं सरळ, वृंदावन सरळ.

ज्यानं एकदा तरी काळ्या फडक्यात डोकं घातलंय त्याला पुढचं सांगायला नको. त्या काचेवर जग उलटं दिसतं. वरचं खाली, डावं उजवीकडे. दुसरं काही शक्यच नाही, मधे आरसा नसतो. आणि मला ते खटकलं होतं! रात्री पावणेअकराला, जेवण झाल्यावर, गॅलरीत उभा राहून मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि मनात आलं, हे सरळ कसं? मग माझं मीच उत्तर दिलं: त्यानं फोटो फिरवून पाठवला असेल, मला नीट दिसावं म्हणून. पण फोटो फिरवला असता तर कॅमेराही उलटा झाला असता. वरचा व्ह्यूफाइंडर खाली आणि ट्रायपॉड छताला. तसं नव्हतं. व्ह्यूफाइंडर वर, ट्रायपॉड खाली आणि काचेतली पाटीही सरळ. म्हणजे कुणाच्या तरी कॅमेऱ्याचा फोटो उचलून त्याच्या काचेवर दुसरंच चित्र चिकटवलं होतं. मी दिवसभर मायक्रोमीटरनं मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा माणूस, आणि एवढी ढळढळीत गोष्ट डोळ्यांसमोर असताना फोन खिशात टाकून झोपायला गेलो. कारण मला तो कॅमेरा हवा होता. दुसरं कारण नाही.

त्याआधी एकदा तो म्हणाला होता, "दोन्ही शटर चालतात, लेन्सचं आणि मागचं पडद्याचं." पडद्याचं शटर स्पीड ग्राफिक या दुसऱ्या मॉडेलला असतं, क्राउनला नसतंच. मी धरून चाललो की पोराला वडिलांच्या कामातलं कळत नाही. उलट दयाच आली त्याची.

शनिवारी ३,००० दिले. नाव भलतंच दिसलं, तर म्हणे मेव्हण्याचं खातं. सोमवारी २८,५००. बुधवारी पॅकिंग आणि विम्याचे २,९५०, 'पार्सल हातात पडलं की परत'. गुरुवारी पावतीसारखा दिसणारा कागद आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) नाही म्हणून माल अडकल्याचा निरोप, ६,१००. आमच्या डिस्पॅचच्या माणसाला नंतर विचारलं तर त्यानं कपाळावर हात मारला. पन्नास हजारांच्या आतल्या असल्या पार्सलला ई-वे बिल लागतच नाही. हे मी आधी विचारायला काय हरकत होती? पण त्याला विचारायचं म्हणजे एवढे पैसे कशावर घातले ते सांगायचं. गप्प राहिलो. शुक्रवारी त्यानं ९,०५० परत करतो म्हणून क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत होतं, तिथे पाय थांबला. मग फोन बंद.

रात्रीची एसटी धरली असती तर सकाळी कोल्हापुरात उतरलो असतो. जाऊन-येऊन दोन हजारांच्या आत काम झालं असतं. वस्तू दुसऱ्या गावात असेल तर जा. तुम्हाला जमत नसेल तर त्या गावातल्या कुणाला तरी पाठवा. तेही जमत नसेल तर सोडा.

बायकोला नऊ दिवस सांगितलं नाही. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोनही तिसऱ्या दिवशी केला. ही दुसरी मोठी चूक. पैसे गेले हे कळलं त्याच मिनिटाला १९३० लावा, लाज नंतर. पैसे त्या खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवले तरच काही उरतं.

माझ्या प्रकरणात काय उरलं ते ऐका. सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, पावती क्रमांक आला. बँकेत गेलो. समोरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, पिन कुणी टाकला? मी टाकला. मग बँक काय करणार? पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात गेलो तर आधी बँकेचं पत्र आणा. बँक म्हणते तिकडचं आधी, ठाणं म्हणतं बँकेचं आधी. तीन अर्ध्या रजा यात गेल्या. तिसऱ्या खेपेला एका हवालदारानं फोटो पाहिला आणि मोठ्यांदा विचारलं, "एवढा जुना डबा? चाळीस हजार? मोबाईल नाही का तुमच्याकडे?" बाकावरचे चार जण वळून पाहायला लागले. मी चोर होतो का? फसलेल्या माणसानं तिथे उभं राहून आपला छंद कसा योग्य आहे हे पटवायचं? मग गुन्हा कोल्हापूरचा, तिकडे जा असं उत्तर. अहो, कोल्हापूर हे त्यानं सांगितलेलं गाव! तो कुठे बसलाय ते तुम्ही शोधायचं, मी नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवलं. गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते, त्यात तसं लिहिलंय. 'कायदा आम्हाला शिकवू नका' असं ऐकून घ्यावं लागलं. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय उठू नका. मी पहिल्या वेळी तसाच परत आलो होतो, त्या खेपेचा कुठेच पुरावा नाही.

अखेर कळलं की समोरच्या खात्यात १,१४० रुपये रोखून ठेवलेत. ते मिळवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं मला सांगितलं. वकिलानं पहिल्या भेटीचे १,५०० सांगितले. बँकेला लेखी तक्रार दिली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिकडे जाणार. पिन मीच टाकला असल्यानं फार आशा नाही, पण गप्प बसणार नाही.

कुणी लार्ज फॉरमॅट घेत असाल तर व्हिडिओ कॉलवर घ्या, पाठवलेला व्हिडिओ चालवून घेऊ नका. तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख कागदावर लिहून लेन्ससमोर धरायला लावा. काचेवर ते उलटं दिसलं पाहिजे. शटर एक सेकंदावर मारायला सांगा, जुनी शटर तिथेच अडखळतात. खोलीत अंधार करून भात्याच्या (लेन्स आणि काच यांच्यामधल्या घडीच्या नळीच्या) आत टॉर्च लावायला लावा, कोपऱ्यांतली भोकं चमकतात. कंटाळा करणारा विकणारा नको. जाहिरातीतला फोटो टाकून तोच इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधा, मला दोन मिनिटं लागली असती. खात्यावरचं नाव आणि माणसाचं नाव एक नसेल तर तिथेच थांबा, मेव्हणा-बिव्हणा काही नाही.

कपाटात आठ बाय दहाच्या एक्स-रे फिल्मचा डबा पडलाय. १,८५० चा. चार-चार तुकडे करून वापरायचा, लाल दिव्यात धुवायचा, असं ठरवलं होतं. बायकोनं विचारलं, हे परत देता येतं का. मी म्हटलं, राहू दे.

परवा रात्री तीच जाहिरात पुन्हा दिसली. आता गाव सांगली, किंमत २८,०००, वडिलांच्या जागी काका. मी तक्रार केली, दुसऱ्या दिवशी गेली, संध्याकाळी नव्या नावानं परत आली. फोटो तेच आहेत. तुळशी वृंदावन, दार, पाटी. काचेवरची पाटी अजून सरळच आहे.