कोल्ट्रेन ऐकायचाय, पण आधी कोणता? 'जायंट स्टेप्स' की 'अ लव्ह सुप्रीम'

दोन्ही अल्बम अमेरिकन जॅझ वादक जॉन कोल्ट्रेनचे, दोन्हींत टेनर सॅक्सोफोन, मधे जेमतेम पाच वर्षं. तरी वादक बदलल्यासारखा वाटतो.

१९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला 'जायंट स्टेप्स' म्हणजे तयारीची कमाल. शीर्षकरचनेत स्वरकेंद्र, म्हणजे आपला 'सा' म्हणा ना, तीन ठिकाणी सतत उड्या मारतं, तेही भन्नाट लयीत. पियानोवर टॉमी फ्लॅनगनसारखा मुरलेला वादक, पण त्याचा सोलो ऐका: आधी धावतो, मग अडखळतो, शेवटी नुसते कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ) वाजवतो. कोल्ट्रेन मात्र सुसाट. पत्नीच्या नावाची 'नाइमा' ही संथ रचनाही इथेच आहे. तिच्यासाठी तरी हा अल्बम ऐकाच.

'अ लव्ह सुप्रीम' ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीत, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. चार भाग, सुमारे ३३ मिनिटं. जिमी गॅरिसन बासवर चार स्वरांचं पालुपद धरतो. पुढे कोल्ट्रेन तेच एकेका पट्टीतून फिरवत नेतो. शेवटच्या भागात तर अल्बमच्या वेष्टनावर छापलेली स्वतःचीच प्रार्थना तो सॅक्सोफोनवर जणू म्हणत जातो. ते छापील शब्द समोर ठेवून ऐका, अंगावर काटा येतो.

माझं मत विचाराल तर ख्याल ऐकणाऱ्यांनी 'अ लव्ह सुप्रीम'च आधी लावावा. छोट्याशा स्वरसमूहाची बढत त्या कानांना लगेच ओळखीची वाटेल. स्वतः गिटार किंवा कीबोर्ड वाजवत असाल, तर मात्र 'जायंट स्टेप्स'.