आठ महिने डेबियन १२: लॅपटॉप अडकायचा आणि लॉग कोरा

नागपूरच्या सीताबर्डीतून जुना लॅपटॉप घेतला, नवी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली, डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली बसवली. वायफाय, ब्लूटूथ, मराठी टायपिंग, कशाचाच त्रास नाही. पण पहिले तीन महिने फ्रीझनं (लॅपटॉप मध्येच अडकण्यानं) जीव खाल्ला, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

माऊस हलायचा, उघडं पान वरखाली सरकायचं, पण नवीन काही उघडायला गेलो की संपलं. पॉवर बटण दाबून धरण्याशिवाय इलाज नाही. मे महिना, कूलरसमोरही घाम. जो तो म्हणे, "गरमीनं होऊन राहिलं बे." मलाही पटलं. स्टँड आणला, थर्मल पेस्ट बदलली. खरं तर व्हिडिओ रेंडर करताना, पंखा बोंबलत असताना तो एकदाही अडकला नव्हता. अडकायचा तो मी खाली तर्री-पोहे खाऊन येईपर्यंत, नुसता बसल्या बसल्या.

जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडनं, अडकण्याआधी लॅपटॉप चालू होता तेव्हाचा लॉग (प्रणालीनं ठेवलेल्या नोंदी) पाहिला. नोंदी मध्येच तुटलेल्या, एररचं नाव नाही. मग सस्पेंडवर (लॅपटॉप झोपवण्यावर) संशय, ग्राफिक्सवर संशय, टीएलपी हे बॅटरी वाचवणारं सॉफ्टवेअर काढून पाहिलं. पंधरा दिवस त्यात गेले. लॉग ज्या डिस्कवर लिहायचा तीच गायब झाली तर तो लिहिणार कुठं, हे फार उशिरा डोक्यात आलं. मग टर्मिनलमध्ये सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून डीमेसेज, म्हणजे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश दाखवणारी कमांड, फॉलो मोडमध्ये म्हणजे नवा संदेश आला की लगेच दिसेल अशी चालू ठेवली आणि लॅपटॉप तसाच सोडला. दुसऱ्या दुपारी पडद्यावर ओळ: एनव्हीएमई कंट्रोलर डाउन. खाली कर्नलच विचारतोय, डिव्हाइसचा पॉवर सेव्हिंग मोड सदोष आहे का, आणि कोणता पॅरामीटर (सेटिंग) लावून बघायचा तेही सांगतोय! आधी मोबाईलवर फोटो काढला, कारण सेव्ह होणार नव्हतंच.

भानगड एपीएसटी या वीज वाचवणाऱ्या सोयीची. रिकामी बसलेली एसएसडी आपणहून झोपते. लिनक्समध्ये ही सोय २०१७ च्या ४.११ कर्नलपासून आहे. काही ड्राइव्ह गाढ झोपेतून उठतच नाहीत. बॅकअप घेऊन ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये 'एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस' शून्य केलं, अपडेट-ग्रब चालवलं, रीबूट. झोपेत जाऊन परत उठायला किती वेळ चालेल, याची ही मर्यादा; मुळात ती १,००,००० मायक्रोसेकंद असते. शून्य म्हणजे झोप पूर्ण बंद. बॅटरी जरा लवकर उतरतेय असं वाटलं (मोजली नाही), म्हणून पुढे ५५०० ठेवलं. माझ्या ड्राइव्हची फक्त सगळ्यात खोल झोप त्यानं टळते.

तेव्हापासून पाच महिने एकदाही पॉवर बटण दाबून धरलेलं नाही. ड्राइव्हच्या कंपनीचं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मात्र अजून फक्त विंडोजवरच चालतं, त्याचा राग आहेच. स्टँड भाच्यानं नेला.