टाइप ४५ विनाशिका: डोळा गरुडाचा, वीज मात्र बेभरवशाची

ब्रिटिश नौदलाच्या टाइप ४५ विनाशिकेचं काम मुळात एकच आहे: ताफ्यावर चालून येणारी विमानं आणि क्षेपणास्त्रं पाडणं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात शेफील्ड ही आधीच्या टाइप ४२ वर्गातली विनाशिका पाण्याला लागून आलेल्या एक्झोसेट क्षेपणास्त्रामुळे गमावली, कॉव्हेंट्री बॉम्बहल्ल्यात बुडाली. टाइप ४५ ची आखणी पाहताना ही आठवण पावलोपावली जाणवते. म्हणून हिची पारख करायची तर आधी हवाई संरक्षण पाहावं आणि मग ते चालवणारी वीज. पहिल्यात ही नौका अव्वल ठरते. दुसऱ्यात तिने नौदलाला बरीच वर्षं रडवलं.

डोलकाठीच्या टोकावर मोठ्या चेंडूसारखं दिसणारं आवरण आहे. त्याच्या आत सॅम्पसन रडार फिरतं. पाठीला पाठ लावलेले दोन फलक मिनिटाला ३० फेरे घेतात, त्यामुळे प्रत्येक दिशेवरून दर सेकंदाला एक नजर फिरते. ते इतक्या उंचावर बसवण्यामागे पृथ्वीच्या गोलाईचं साधं गणित आहे. पाण्यापासून ५ मीटरवरून येणारं क्षेपणास्त्र १५ मीटर उंचीच्या रडारला सुमारे २५ किलोमीटरवर दिसतं, तर ३५ मीटर उंचीच्या रडारला सुमारे ३३ किलोमीटरवर. सेकंदाला ३०० मीटर वेग धरला तर या आठ किलोमीटरमुळे जवळपास २७ सेकंद जास्त मिळतात, आणि अशा हल्ल्यात सगळा खेळच दीड-दोन मिनिटांचा असतो. चारही बाजूंना स्थिर फलक बसवणारी रडारं वजनदार असल्यामुळे बहुधा खाली बसतात. सॅम्पसन वजनाला हलकं आणि हवेने थंड होणारं आहे, म्हणून नौकेचा तोल न बिघडवता ते वर नेता आलं. दूरच्या टेहळणीसाठी मागच्या बाजूला एस १८५० एम हे वेगळं रडार आहे, त्याचा पल्ला सुमारे ४०० किलोमीटरचा.

पुढच्या डेकखाली उभ्या नळ्यांचे ४८ कप्पे आहेत. त्यात ३० किलोमीटरपलीकडे मारा करणारं ॲस्टर १५ क्षेपणास्त्र आणि १०० किलोमीटरपलीकडे जाणारं ॲस्टर ३० बसतं. ॲस्टरची खरी करामत शेवटच्या क्षणी दिसते. नुसत्या शेपटीच्या पंखांवर विसंबलेलं क्षेपणास्त्र आधी नाक वळवतं आणि मग त्याची दिशा बदलते. ॲस्टरच्या मध्यभागी, गुरुत्वमध्याजवळ, बाजूला वायू फेकणारी तोंडं आहेत. त्यांच्या जोरावर ते अख्खंच्या अख्खं बाजूला सरकतं, त्यामुळे अचानक वळणारं लक्ष्यही हातचं सुटत नाही.

आता मुख्य दुखणं. या नौकेत टर्बाइनचा जोर गिअरबॉक्समधून नौकेला ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याला जात नाही. टर्बाइन आणि डिझेल वीज तयार करतात आणि त्या विजेवर प्रत्येकी २० मेगावॉटच्या दोन मोटरी पंखे फिरवतात. रडार, संगणक, वातानुकूलन, स्वयंपाकघर सगळं याच विजेवर चालतं. कल्पना चांगली आहे. पण मूळ रचनेत दोन डब्ल्यूआर-२१ टर्बाइन आणि जोडीला २ मेगावॉटची फक्त दोन डिझेल जनित्रं होती. इतकी कमी डिझेलं का? कारण हे टर्बाइन कमी भारावरही इंधन वाचवतं, त्यामुळे रोजच्या संथ प्रवासालाही तेच पुरेल असा हिशोब होता. दाबलेली हवा मध्येच थंड करणारा इंटरकूलर आणि धुराड्यातली उष्णता परत वापरणारा रिक्युपरेटर यांच्यामुळे ही बचत होते. नेमकी त्याच जोडणीने दगा दिला.

हवा तापली की विरळ होते, त्यामुळे कुठल्याही टर्बाइनचा जोर घटतो. शिवाय समुद्राचं पाणी कोमट असेल तर इंटरकूलरमधून उष्णता काढून घेणंही जड जातं. एवढ्यावर भागलं असतं तर वेग थोडा कमी करून निभावलं असतं. इथे मात्र जोर हळूहळू न उतरता टर्बाइन एकदम बंद पडायचं. त्याचा सगळा भार क्षणात त्या दोन डिझेलांवर यायचा, ४ मेगावॉटमध्ये तो पेलणं शक्यच नव्हतं, आणि स्वतःला वाचवण्यासाठी तीही बंद व्हायची. दिवे जातात, वायुवीजनाची घरघर थांबते, युद्धकक्षातले पडदे काळे होतात, आणि आठ हजार टनांची नौका लाटांवर वाहत राहते. २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीपुढे उत्पादकांनी सांगितलं की इराणच्या आखातातली परिस्थिती मूळ मागणीपत्रकात धरली होती त्याहून कडक निघाली. आखात हे ब्रिटिश नौदलाचं नेहमीचं कार्यक्षेत्र असताना ही चूक अक्षम्य म्हणावी लागेल.

उपाय सरळ आहे, करायला मात्र अवघड. नौकेच्या कुशीला मोठं भोक पाडायचं, जुनी दोन डिझेलं बाहेर काढायची आणि ३ मेगावॉटची एमटीयू कंपनीची तीन नवी डिझेलं बसवायची. म्हणजे ४ च्या जागी ९ मेगावॉट. टर्बाइन तीच राहतात, पण रोजचा भार डिझेलं उचलतात आणि टर्बाइन वेगासाठी हाताशी राहतं. २०१८ मध्ये यासाठी १६ कोटी पौंडांचं कंत्राट झालं. या दुरुस्तीसाठी सगळ्यात आधी डॉन्टलेस ही नौका २०२० मध्ये बर्कनहेडच्या गोदीत गेली आणि २०२२ मध्ये चाचण्यांसाठी समुद्रात उतरली. नंतर ती कॅरिबियनच्या उष्ण पाण्यात तैनात झाली आणि २०२५ मध्ये विमानवाहू नौकेच्या ताफ्याबरोबर प्रशांत महासागरापर्यंत गेली. दुरुस्ती योग्य जागी झाल्याचं हे सगळ्यात भक्कम प्रमाण. कामाची गती मात्र फार मंद आहे. याच वर्गाची पहिली नौका डेअरिंग २०१७ पासून वर्षानुवर्षं धक्क्यालाच राहिली.

प्रत्यक्ष लढाईत डायमंड या टाइप ४५ नौकेने नाव राखलं. डिसेंबर २०२३ मध्ये तिने तांबड्या समुद्रात ड्रोन पाडला. १९९१ च्या आखाती युद्धात ग्लॉस्टर या ब्रिटिश विनाशिकेने सिल्कवर्म क्षेपणास्त्र पाडल्यानंतर ब्रिटिश नौदलाने हवेतलं लक्ष्य टिपण्याची ही पहिलीच वेळ. ९ जानेवारी २०२४ च्या रात्री मोठ्या हल्ल्यात तिने क्षेपणास्त्रं आणि तोफा वापरून सात ड्रोन पाडले, आणि एप्रिलमध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांचं बॅलिस्टिक क्षेपणास्त्रही पाडलं. तेव्हा तिच्यावर नवी डिझेलं बसलेली नव्हती, म्हणून तिच्या यंत्रखात्याचं कौतुक जास्त. याच मोहिमेत दुसरी मर्यादाही उघडी पडली: रिकाम्या नळ्या भर समुद्रात भरता येत नाहीत, त्यासाठी बंदर गाठावं लागतं. ४८ संपली की नौका माघारी.

राहण्याची सोय चांगली आहे. सुमारे १९० जणांचं दल, कनिष्ठ खलाशांना सहा-सहा बिछान्यांच्या खोल्या. जुन्या टाइप ४२ च्या दाटीवाटीच्या मानाने हे सुखच. हेलिकॉप्टर उतरवायची जागा चिनूकसारख्या मोठ्या हेलिकॉप्टरलाही पुरते. पाणबुडीविरोधात मात्र ही नौका कमजोर, जमिनीवर दूरचा मारा करणारं क्षेपणास्त्र नाही, आणि नौकांवर मारा करणारं हार्पून क्षेपणास्त्र २०२३ अखेर निवृत्त झाल्याने शत्रूच्या नौकेविरुद्धचा लांबचा माराही गेला.

संख्येचा प्रश्न वेगळाच. योजना १२ नौकांची होती, ती आठवर आणि शेवटी सहावर आली. सहांचा एकूण खर्च सुमारे ६.४६ अब्ज पौंड. त्यातल्या एक-दोन कायम इंजिनकामात अडकलेल्या, एखादी नेहमीच्या दुरुस्तीत, म्हणजे हाताशी तीन उरल्या तरी पुष्कळ. पुढच्या डेकवर आणखी नळ्यांसाठी राखलेली जागा इतकी वर्षं नळ्यांविनाच होती. तिथे आता जवळच्या माऱ्याच्या सी सेप्टर क्षेपणास्त्रांचे २४ कप्पे बसवायचे ठरलं आहे. ते बसले की जुने ४८ कप्पे पूर्णपणे ॲस्टर ३० साठी मोकळे होतील आणि एकूण आकडा ७२ वर जाईल.