व्यवसायाच्या डेटासाठी क्लाउड स्टोरेज: गूगल, मायक्रोसॉफ्ट, ड्रॉपबॉक्स आणि एस३ प्रकारच्या सेवा वापरल्यानंतर

क्लाउड स्टोरेजची तुलना बहुतेक वेळा एका टीबीमागचा महिन्याचा दर पाहून होते. काही महिने रोज वापरल्यावर आमचं मत असं आहे की हा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. आधी पाहायच्या गोष्टी तीन: चुकून पुसलेली फाइल किती दिवसांपर्यंत परत मिळते, फाइलच्या जुन्या आवृत्त्या कुणाच्या कोट्यातून जागा खातात, आणि सगळा डेटा एकदम बाहेर काढायचा झाला तर किती वेळ आणि किती पैसे लागतात. सेवांमधला खरा फरक इथे कळतो.

आमचा वापर साधारण असा: पंचवीसेक माणसं, चार टीबीच्या आसपास डेटा. त्यात वर्ड, एक्सेल, पीडीएफ, शंभर एमबीच्या पुढे जाणाऱ्या ड्रॉइंग आणि व्हिडिओ फाइल, आणि सर्व्हरचे रात्रीचे बॅकअप. रोजच्या फाइलींना सिंक होणारी, म्हणजे एका संगणकावरचा बदल बाकीच्यांवर आपोआप नेणारी सेवा लागते आणि बॅकअपला ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे बॅकअपचं सॉफ्टवेअर जिथे थेट फाइली ठेवतं अशी एस३ प्रकारची साठवण. दोन्ही एकाच सेवेत कोंबू नयेत. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, कारण एका संगणकावर फाइल पुसली किंवा रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या व्हायरसने) कुलूपबंद केली की तो बदलही इमानेइतबारे सगळीकडे पोहोचतो.

गूगल ड्राइव्ह

गूगल वर्कस्पेस घेतल्यावर पहिलं काम म्हणजे कार्यालयाच्या फाइली 'माय ड्राइव्ह'मधून काढून 'शेअर्ड ड्राइव्ह'मध्ये नेणं. माय ड्राइव्हमधल्या फाइलची मालकी त्या व्यक्तीच्या खात्याकडे असते. माणूस नोकरी सोडून गेला आणि ॲडमिनने मालकी दुसऱ्याकडे न देता खातं काढून टाकलं, तर ते परत आणायला २० दिवस मिळतात. शेअर्ड ड्राइव्हमध्ये मालकी संस्थेकडेच राहते, त्यामुळे कोण आलं-गेलं याने फरक पडत नाही. ही सोय बिझनेस स्टँडर्ड आणि त्यावरच्या योजनांत आहे. म्हणून सगळ्यात खालची योजना कार्यालयासाठी घेऊ नये.

दोन मर्यादा आधीच लक्षात घ्याव्यात. एका शेअर्ड ड्राइव्हमध्ये फाइल, फोल्डर आणि शॉर्टकट धरून ५ लाख नगच मावतात. विभागवार किंवा वर्षवार वेगळे ड्राइव्ह केले की ही अडचण येत नाही. दुसरी, एका खात्यातून दिवसाला ७५० जीबीपर्यंतच अपलोड करता येतं. म्हणजे चार टीबी एकाच खात्यातून चढवायला सहा दिवस धरावेत, मग इंटरनेटची लाइन कितीही वेगवान असो.

पुसलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते आणि त्यापुढे ॲडमिनला आणखी २५ दिवस ती परत आणता येते. वर्ड-पीडीएफसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या मात्र ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्याच टिकतात. करार किंवा मंजूर ड्रॉइंगची एखादी आवृत्ती हवी असेल तर तिच्यावर 'कायम ठेवा' ही खूण त्याच वेळी करावी.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे गूगल डॉक्स आणि शीट्स. संगणकावर सिंक झालेल्या फोल्डरमध्ये त्यांच्या जागी काही शे बाइटची एक छोटी फाइल दिसते. तिच्यात मजकूर नसतो, फक्त पत्ता असतो. तो फोल्डर हार्डडिस्कवर कॉपी करून बॅकअप झाला असं समजलं, तर हाती नुसते पत्ते उरतात. खरा बॅकअप हवा असेल तर डॉक्स-शीट्स वर्ड-एक्सेलच्या स्वरूपात एक्सपोर्ट करणारं साधन वापरावं. एपीआयमधून (अशी साधनं गूगलशी ज्या मार्गाने बोलतात त्यातून) एक्सपोर्ट करताना १० एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे चित्रांनी भरलेले मोठे डॉक्स मागे राहतात. साधनाच्या लॉगमध्ये (कामाच्या नोंदींत) त्यांची नावं शोधून ते हाताने उतरवावे लागतात.

शेअरपॉइंट आणि वनड्राइव्ह

एक्सेलवर काम चालणाऱ्या कार्यालयाला मायक्रोसॉफ्टची हीच सेवा सोयीची. एकाच वहीवर चार जण एकदम काम करतात, मॅक्रो चालतात आणि फाइल मूळ स्वरूपातच राहते. कचरापेटी ९३ दिवसांची आहे, हा गूगलपेक्षा मोठा फायदा. शिवाय लायब्ररी (शेअरपॉइंटमधला सामायिक फाइलींचा साठा) किंवा वनड्राइव्ह मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या क्षणाला नेऊन ठेवता येतं. रॅन्समवेअर आल्यावर याची खरी किंमत कळते.

जागा मात्र पाहता पाहता भरते. शेअरपॉइंटला संपूर्ण संस्थेसाठी १ टीबी आणि दर लायसन्समागे १० जीबी मिळतात. पंचवीस लायसन्सना सव्वा टीबी. वनड्राइव्हचे माणशी १ टीबी वेगळे असतात, पण ते वैयक्तिक. आता यात आवृत्त्या धरा: लायब्ररीत मुळात ५०० आवृत्त्या ठेवायची सोय चालू असते आणि प्रत्येक आवृत्ती पूर्ण फाइलच्या आकाराने कोट्यात मोजली जाते. २०० एमबीचं प्रेझेंटेशन ऑटोसेव्ह चालू ठेवून आठवडाभर दुरुस्त केलं आणि ५० आवृत्त्या झाल्या, की एका फाइलने १० जीबी घेतले. लायब्ररी सेटिंगमध्ये जाऊन ही संख्या १०० वर आणावी किंवा आवृत्त्यांना मुदत लावावी. आकडा कमी केला म्हणून जुन्या आवृत्त्या लगेच जात नाहीत. त्या वेगळ्या साफ कराव्या लागतात. कचरापेटीतला डेटाही कोट्यातच धरला जातो, म्हणून पुसापुशी करूनही मोकळी जागा वाढलेली दिसत नाही.

सिंक अडकण्याची कारणं फिरून फिरून तीच. फोल्डरच्या नावांसकट पूर्ण मार्ग ४०० अक्षरांच्या वर गेला, नावात तारांकित चिन्ह, प्रश्नचिन्ह, विसर्ग-चिन्ह म्हणून टाकलेला कोलन किंवा उभी रेघ आली, किंवा एका संगणकावर एकूण ३ लाखांहून जास्त फाइली सिंकला लावल्या. ही ३ लाखांची शिफारस मायक्रोसॉफ्टचीच आहे आणि ती पाळावी. कोलनची चूक मराठीत विशेष होते, कारण 'अंतः' लिहिताना अनेक जण विसर्गाऐवजी कोलन दाबतात.

ड्रॉपबॉक्स

सिंकच्या बाबतीत हीच सेवा आमच्या मते सगळ्यात भरवशाची. फाइल ४ एमबीच्या तुकड्यांत विभागली जाते आणि बदललेला तुकडाच वर जातो. एकाच कार्यालयातले संगणक आपसांत लॅनवरूनही (कार्यालयातल्या नेटवर्कवरूनही) फाइल घेतात. मोठ्या ड्रॉइंग फाइलींसाठी हा फरक रोज जाणवतो. जुन्या आवृत्त्या योजनेनुसार ३० दिवसांपासून वर्षभरापर्यंत मिळतात. टीमसाठीच्या योजनांना किमान तीन माणसं लागतात, आणि अमर्याद जागेची योजना २०२३ मध्ये बंद झाली. जुने लेख वाचून त्या आशेवर राहू नये.

कुठलीही सिंक सेवा असो, डेटाबेस, आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा तिच्या फोल्डरमध्ये ठेवू नये. अशा फाइली सतत उघड्या असतात. सिंकला अर्धवट लिहिलेली स्थिती मिळते किंवा दोन संगणकांवरून लिहिल्यामुळे 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' तयार होते, आणि कोणती प्रत खरी हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. सॉफ्टवेअरमधून बॅकअप फाइल काढावी आणि ती फाइल वर चढवावी.

ऑब्जेक्ट स्टोरेज

ॲमेझॉनची एस३ सेवा २००६ पासून आहे, आणि बॅकब्लेझ बी२, वासाबी, क्लाउडफ्लेअर आर२ या तिच्याच पद्धतीने बोलतात, म्हणून बॅकअपचं सॉफ्टवेअर तेच ठेवून सेवा बदलता येते. टिकाऊपणाची काळजी यांपैकी कुठेच करावी लागली नाही. फरक आहे तो बिलाच्या रचनेत.

एस३मध्ये साठवण, प्रत्येक रिक्वेस्ट (फाइल ठेवण्याची किंवा वाचण्याची मागणी) आणि बाहेर जाणारा डेटा, तिन्हींचे पैसे वेगळे लागतात. महिन्याला १०० जीबी बाहेर काढणं मोफत. बी२मध्ये साठवलेल्या डेटाच्या तिप्पट डेटा दर महिन्याला मोफत काढता येतो. आर२ बाहेर काढायचे पैसेच घेत नाही. वासाबीही घेत नाही, पण महिन्यात साठवणीपेक्षा जास्त डेटा काढू नये अशी अट आहे, आणि बिल कमीत कमी १ टीबीचं येतं.

वासाबीची दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे: नेहमीच्या योजनेत प्रत्येक फाइलचे किमान ९० दिवसांचे पैसे लागतात, मग ती आधी पुसली तरी. समजा दर आठवड्याला ५०० जीबीचा पूर्ण बॅकअप घेऊन चार आठवडे ठेवायचा आहे. प्रत्यक्षात २ टीबी दिसतील, बिल मात्र तेरा प्रतींचं, म्हणजे साधारण साडेसहा टीबीचं लागेल. अशा वेळी पूर्ण बॅकअप महिन्याला एक आणि रोज फक्त बदल, अशी घडी बसवावी किंवा मुदतीची अट नसलेली सेवा निवडावी. एस३च्या स्वस्त वर्गांतही हेच: स्टँडर्ड-आयएला ३० दिवस, ग्लेशियर फ्लेक्सिबलला ९०, डीप आर्काइव्हला १८०. डीप आर्काइव्हमधून फाइल मागितली की १२ तासांपर्यंत थांबावं लागतं आणि स्वस्त दराने मागितली तर ४८ तासांपर्यंत. वर्षानुवर्षं न लागणाऱ्या कागदपत्रांना ते उत्तम, रात्रीच्या बॅकअपला मुळीच नाही.

लहान फाइली तशाच ग्लेशियरमध्ये पाठवू नयेत. डीप आर्काइव्हमध्ये प्रत्येक फाइलमागे नोंदीसाठी ४० केबी जास्त धरले जातात आणि वर्ग बदलण्याची रिक्वेस्ट फाइलगणिक मोजली जाते. दहा लाख स्कॅन केलेल्या पावत्यांना नुसत्या नोंदींचे ४० जीबी होतात. वर्षवार टार किंवा झिप करून, आत काय आहे त्याची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून मगच पाठवावं.

आणखी एक खर्च डोळ्यांना दिसत नाही. मोठी फाइल तुकड्यांनी चढताना लाइन तुटली, तर चढलेले तुकडे बकेटमध्ये (फाइली ठेवायच्या मुख्य कप्प्यात) पडून राहतात. फाइलींच्या यादीत ते येत नाहीत, बिलात येतात. बकेट उघडल्याच्या दिवशीच 'अपूर्ण मल्टिपार्ट अपलोड ७ दिवसांनी रद्द' हा लाइफसायकल (आपोआप साफसफाईचा) नियम लावावा. व्हर्जनिंग चालू केलं असेल तर जुन्या आवृत्त्या किती दिवसांनी जाव्यात याचाही नियम हवा. नाहीतर 'डिलीट' केल्यावर फाइलवर फक्त खूण लागते आणि डेटा तसाच राहतो.

रॅन्समवेअरपासून खरं संरक्षण ऑब्जेक्ट लॉकमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत फाइल पुसू न देणाऱ्या कुलपात आहे. गव्हर्नन्स प्रकारात खास परवानगी असलेल्याला कुलूप काढता येतं. कंप्लायन्स प्रकारात मुदत संपेपर्यंत मूळ खात्याच्या मालकालाही फाइल पुसता येत नाही. म्हणून आधी एका दिवसाची मुदत लावून तपासावं. चुकून दहा वर्षांची लागली तर दहा वर्षांचं बिल भरावं लागेल.

मराठी फाइलनावं

याबद्दल फारसं कुठे लिहिलेलं नसतं. 'दुसऱ्या तिमाहीचा अहवाल' हे नाव डोळ्यांना ११ अक्षरांचं दिसतं. युटीएफ-८मध्ये (संगणकाच्या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत) ते ६२ बाइट होतं, कारण काना, मात्रा, हलन्त यांची प्रत्येकी वेगळी गणती होते आणि देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइटचा असतो. विंडोजमध्ये नावाची मर्यादा संकेतांवर मोजली जाते, लिनक्सवर चालणाऱ्या नॅसवर (कार्यालयातल्या नेटवर्कला जोडलेल्या साठवण यंत्रावर) मात्र २५५ बाइट, म्हणजे जेमतेम ८५ संकेत. विंडोजवर बिनतक्रार चाललेलं लांब नाव नॅसवर उतरवताना अडतं. आरक्लोन या डेटा हलवायच्या साधनाची क्रिप्ट सोय नावंही कूटबद्ध करते, तेव्हा मर्यादा साधारण १४३ बाइटवर येते. नाव तीसेक संकेतांत बसवावं.

शिवाय 'ऱ' हे अक्षर दोन प्रकारे साठवलं जातं: एकच संकेत, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब). मॅकची जुनी फाइल व्यवस्था दुसरा प्रकार लिहायची. त्यामुळे जुन्या मॅकवरून आलेली आणि विंडोजवर बनवलेली, अशा दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये अगदी सारख्याच नावाने दिसू शकतात. नॅसवर कॉनव्हएमव्ही हे नावं बदलणारं साधन एनएफसी (एकच संकेत ठेवणाऱ्या) पर्यायाने चालवलं की नावं एकसारखी होतात. हे स्थलांतराच्या आधी करावं.

डेटा हलवताना

ब्राउझरमधून फोल्डर ओढून टाकू नयेत. मध्येच तुटलं तर काय राहिलं ते कळत नाही. आरक्लोन वापरावं: आधी ड्राय-रन (काही न हलवता चाचणी), मग 'कॉपी' (सिंक नाही, कारण सिंक पलीकडच्या जास्तीच्या फाइली पुसतं), शेवटी दोन्हीकडच्या फाइली जुळतात का ते पाहणारं 'चेक'. गूगलसाठी स्वतःचा क्लायंट आयडी (आरक्लोनची गूगलकडची ओळख) तयार करावा, सामायिक आयडीवर वेग फार पडतो. वेगमर्यादेचा आकडा आरक्लोन बाइटमध्ये धरतं, बिटमध्ये नाही (एक बाइट म्हणजे आठ बिट, आणि लाइनचे एमबीपीएस बिटमध्ये असतात). २० एमबीपीएसच्या लाइनवर '२० एम' लिहिलं तर मर्यादा नसल्यासारखंच, आणि दिवसभर कार्यालयाचे व्हिडिओ कॉल अडखळतील. कामाच्या वेळेत १ एम, रात्री मोकळं, असं वेळापत्रक त्यातच लावता येतं.

वेळेचा हिशेब साधा आहे. १ टीबीला १०० एमबीपीएसवर सलग २२ तास, २० एमबीपीएसवर साडेचार दिवसांहून जास्त. हेच गणित रिस्टोअरलाही लागू आहे, म्हणून चालू वर्षाचा डेटा कार्यालयातल्या नॅसवर ठेवावाच. दर तीन महिन्यांनी एक फोल्डर, एक डेटाबेस आणि एक जुनी आवृत्ती वेगळ्या संगणकावर उतरवून उघडून पाहावी.

दुसरी प्रत दुसऱ्या कंपनीकडे असावी, नुसती दुसऱ्या शहरात नव्हे. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्गमधल्या ओव्हीएच क्लाउडच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा बॅकअप त्याच आवारात असलेल्या काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरचं प्रायव्हेट क्लाउड चुकीच्या सेटिंगमुळे पुसलं गेलं आणि दोन ठिकाणच्या प्रती एकदमच गेल्या. तिथे दुसऱ्या कंपनीकडचे बॅकअप उपयोगी पडले.

आमच्यासारख्या कार्यालयासाठी निवड अशी: एक्सेलवर काम असेल तर शेअरपॉइंट, ब्राउझरमध्येच काम असेल तर गूगल, मोठ्या ड्रॉइंग फाइलींना ड्रॉपबॉक्स, आणि यांपैकी काहीही घेतलं तरी बॅकअपसाठी ऑब्जेक्ट लॉक लावलेलं बी२. वासाबी दीर्घ मुदतीच्या प्रतींना चांगलं. एस३ घ्यावं ते इतर कामंही ॲमेझॉनवर चालत असतील तर.

सेवा सोडायची वेळ आली तर आधी सपोर्टला कळवावं. २०२४ मध्ये गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनीही क्लाउड पूर्णपणे सोडून जाणाऱ्यांना डेटा बाहेर काढण्याचं शुल्क माफ करायला सुरुवात केली, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. डेटा हलला तरी जुनी लायसन्स त्याच दिवशी बंद करू नयेत. ग्राहकांना पूर्वी पाठवलेल्या लिंका जुन्या सेवेकडेच बोट दाखवत असतात; ॲडमिनच्या शेअरिंग अहवालातून त्यांची यादी काढावी, नव्या लिंका पाठवाव्यात आणि जुनं खातं आणखी तीन महिने फक्त वाचण्यापुरतं चालू ठेवावं.