आर्ट स्टुडिओच्या फ्रँचायझीत आमचे ८,३०,९०० रुपये गेले. टोकन भरण्याआधी हे वाचा

लहान मुलांच्या 'क्रिएटिव्ह आर्ट स्टुडिओ'ची फ्रँचायझी देतो म्हणून बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागात पुन्हा फोन सुरू झालेत. बोलणारा माणूस तोच, माहितीपत्रकातले फोटो तेच, फक्त ब्रँडचं नाव बदललंय. आमच्याकडून या लोकांनी ८,३०,९०० रुपये नेले. चारचौघांत सांगायची लाज वाटते आणि घरच्यांचाही नकार होता. पण गेल्या आठवड्यात निपाणीच्या एका ताईंचा फोन आला, त्यांनी टोकन म्हणून ५१,००० भरूनही टाकले होते. मग गप्प बसवेना.

आधी हिशेब. फ्रँचायझी फी ३,५०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३,०००. साहित्याचा किट १,१८,०००. इंटिरिअर त्यांच्याच माणसाकडून करून घ्यायची सक्ती, त्याचे २,६४,५००. मुलं येवोत न येवोत, रॉयल्टी महिना किमान १०,००० अधिक जीएसटी. ती तीन महिने भरली, ३५,४००. दुकानाचं डिपॉझिट, भाडं आणि सोसायटीत सोनं ठेवून काढलेल्या कर्जाचं व्याज यात धरलेलंच नाही. बोर्डाचे ११,२०० पाण्यात गेले ते वेगळेच, कारण त्यांनी पाठवलेलं डिझाइन सगळं इंग्रजीत. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं हे त्यांच्या गावीही नव्हतं, आणि 'बेळगाव मार्केटचा आम्ही दोन वर्षं अभ्यास केलाय' असं हेच लोक सांगत होते.

'हाव सुटली, म्हणून फसली' असं नात्यातल्या काहींनी तोंडावर म्हटलं, म्हणून सांगते. मी वीस वर्षांहून जास्त चित्रकला शिकवते. शाळेत शिकवलं, मग घरी क्लास घेतला. माझ्या क्लासातली मुलं दरवर्षी चित्रकलेच्या लोअर आणि हायर या ग्रेड परीक्षांना बसतात, पास होतात. ६०० रुपये फी, एक खोली, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली पोरं. ह्यांची बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतली नोकरी संपत आली होती. स्वतःची चांगली जागा असावी, चार पैसे जास्त मिळावेत, याला हाव म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. कागद बघितले होते, पुण्याला जाऊन त्यांचा स्टुडिओ डोळ्यांनी बघून आलो होतो. यापेक्षा माणसाने आणखी काय करायचं?

तो स्टुडिओच मला आजही झोपू देत नाही.

पंचवीस-तीस मुलं एप्रन घालून बसली होती. भिंतीवर रंगीत हातांचे ठसे, रॅकवर ॲक्रेलिकच्या बाटल्या ओळीने लावलेल्या. सगळ्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या. चालत्या क्लासात पांढरा आणि पिवळा सगळ्यात आधी संपतो, निळ्याच्या झाकणाला वाळलेला थर धरतो, काळ्याची बाटली कुणीतरी सांडलेली असते. इथे एकाही झाकणाला डाग नव्हता. फरशीवर एक थेंब नव्हता. सवयीने मी टेबलावरचा एक ब्रश उचलला आणि अंगठ्याने केस दाबले. ते कडक होते. नव्या ब्रशला टोक राहावं म्हणून खळ लावलेली असते, ती जशीच्या तशी! म्हणजे तो ब्रश एकदाही पाण्यात बुडाला नव्हता. मी त्यांच्या बाईंकडे बघितलं. 'तुम्ही येणार म्हणून आजच नवा सेट काढला मॅडम,' त्या हसून म्हणाल्या. आणि मला ते पटलं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपणही नवी चादर घालतोच की.

नंतर कळलं, आमच्यासारख्याच फसलेल्या सांगलीच्या एका ताईंकडून. तो हॉल दिवसाच्या भाड्याने घेतलेला होता आणि मुलं शेजारच्या सोसायटीतली, मोफत वर्कशॉप म्हणून बोलावलेली. तेव्हा स्टुडिओ बघायला जाल तर त्यांना न सांगता जा, दुसऱ्या वारी पुन्हा जा, आणि खाली उभं राहून मुलं सोडायला आलेल्या आयांशी बोला. त्या खोटं बोलणार नाहीत.

करार ४१ पानी, सगळा इंग्रजीत, संध्याकाळी हातात दिला आणि 'ही फी आज रात्रीपर्यंतच' असं सांगितलं. माहितीपत्रकात ठळक छापलं होतं, सहा महिन्यांत ६० मुलं झाली नाहीत तर फी परत. करारात त्याचा मागमूस नाही. उलट शेवटून दुसऱ्या पानावर कलम आहे की याआधीचं कोणतंही बोलणं, पत्रक किंवा मेसेज कंपनीवर बंधनकारक नाही. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही, सगळा भार १८७२ च्या करार कायद्यावर. म्हणून करार घरी आणा, वकिलाला दाखवा. रात्रीपर्यंत थांबत नाहीत म्हणाले तर जाऊ द्या त्यांना.

आणि जीएसटी नंबर! हा मुद्दा आमच्या सीएंनी दाखवला, तोही सगळं झाल्यावर. करार एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीशी, पण पावतीवरचा नंबर दुसऱ्याच कुणाचा. जीएसटी नंबरातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि कर्नाटकाचे २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर कंपनीला 'सी' असतं, एकट्या माणसाला 'पी'. म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघायचं. आमच्या पावतीवर तिथे 'पी' आहे. पैसे कंपनीकडे गेलेच नाहीत, एका माणसाच्या खात्यात गेले. जीएसटीच्या पोर्टलवर हा नंबर कुणालाही फुकट तपासता येतो. कंपनी कधी स्थापन झाली, भांडवल किती, हे कंपनी खात्याच्या पोर्टलवर दिसतं. पण चित्रकलेच्या बाईने हे बघायचं असतं हे कोण सांगणार? आरटीजीएस करताना बँकेतल्या माणसाने नाव वाचून दाखवलं होतं, मी कंपनीला फोन लावला, 'ते आमचे डायरेक्टरच आहेत' असं उत्तर आलं. विचारलं होतं मी. विचारलं होतं!

स्टुडिओचं पुढे काय झालं ते थोडक्यात. फी २,२०० ठेवायची सक्ती, मुलं आली ११. पालक पहिल्याच दिवशी विचारायचे, 'बाई, तुमच्या या सर्टिफिकेटवर लोअर-हायरला बसता येतं का?' येत नाही. ते सर्टिफिकेट त्यांच्या प्रिंटरवर निघतं, तेवढीच त्याची किंमत. १,१८,००० च्या किटमधल्या रंगांवर कंपनीचं नावच नाही, पोस्टर कलरमध्ये गुठळ्या. हे सगळं मी गणपत गल्लीतून चाळीस हजारांत आणलं असतं. ट्रेनिंग झूमवर. करारात तीन किलोमीटरचा एरिया फक्त आमचा, आणि त्याच एरियात त्यांनी दुसऱ्या एका कुटुंबालाही फ्रँचायझी विकली. चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांच्या गावात चित्रकला शिकवायला पुण्याचं नाव कशाला विकत घेतलंत, असं एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

आता तक्रारीचं ऐका. इथल्या पोलीस ठाण्यात गेलो तर अर्ज हातात न घेताच, 'सिव्हिल मॅटर हाय ओ मॅडम, कोर्टात जावा.' पुन्हा गेलो तर 'कन्नडमध्ये लिहून आणा.' कन्नडमध्ये टाइप करून नेला, तर 'कंपनी पुण्याची, पुण्याला जावा.' पुण्याला गेलो तर तिथले साहेब म्हणाले, पैसे बेळगावच्या बँकेतून भरलेत, गुन्हा तिकडेच. मराठीत बोलले, चहाही विचारला, पण उत्तर तेच. १९५६ पासून आम्ही दोन राज्यांच्या मधे लटकलोय ते भाषणांत ऐकत होतो, ८,३०,९०० रुपयांसाठी ते अंगावर आलं. मत मागायला दोन्हीकडचे येतात. या कामासाठी इथल्या एका पुढाऱ्यांना भेटलो, त्यांनी सीमाप्रश्नाबद्दल बराच वेळ सांगितलं आणि अर्जाची झेरॉक्स ठेवून घेतली. ती झेरॉक्स अजून तिथेच असेल.

हे मुकाट्याने ऐकून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा: दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस थेट करू शकतात असा, कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय आहे, ग्रामीण भागाला अधीक्षक वेगळे, म्हणून पाकिटावर पत्ता नीट लिहा. मराठीत अर्ज चालत नाही म्हणाले तर राज्यघटनेचं कलम ३५० दाखवा, गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क त्यात आहे. मी छापून पर्समध्ये ठेवलंय. शेवटी अधीक्षकांच्या पातळीवरच्या कार्यालयात रजिस्टर पोस्टाने पाठवला, पोच आली, उत्तर आलेलं नाही.

ग्राहक आयोगात मात्र दाद लागेल असं वकील म्हणतात. कंपनीचे लोक सांगतात की धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नव्हे. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या आणि वापरलेल्या वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाहीत. सेवेचं नाव त्यात नाही, तेवढं वकिलाला विचारून घ्या. शिवाय आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला हेलपाटे नकोत. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये. मुदत दोन वर्षांची, तेव्हा 'बघू, देतील' म्हणत बसू नका, ते तेवढ्यासाठीच 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणतात. करारात लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणारा माणूस, कंपनी नेमणार असं कलम असेल तर घाबरू नका, एका पक्षाने परस्पर एकमेव लवाद नेमणं चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच म्हटलंय.

निपाणीच्या ताईंना मी हेच सांगितलं आणि ज्यांनी टोकन भरलंय त्या सगळ्यांना सांगते. पुढचा एक रुपयाही देऊ नका. टोकन रद्द करतोय हे ईमेलने आणि स्पीड पोस्टाने कळवा, फोनवर नको. व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका, फोन बदलू नका, विकू नका. कोर्टात ते मेसेज दाखवायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं. आमच्या ह्यांनी नवा फोन घेताना जुना एक्स्चेंजला दिला होता. 'फी परत' म्हणणारे त्यांचे सगळे मेसेज त्याच फोनमध्ये होते.